टॅरो शिकायचंय? आधी एक वही घ्या

टॅरो शिकवणाऱ्या पुस्तकांना आता तोटा नाही. जळोचीसारख्या गावात बसून मोबाइलवर मागवलं, तरी पत्त्यांचा कॅट घरपोच येतो आणि सोबत अर्थ सांगणारी चिमुकली पुस्तिकाही. प्रश्न पडतो तो निवडीचा. कुठलं पुस्तक घ्यावं, रोज कसला सराव करावा? माझ्या मते कसोटी एकच आहे : पत्त्यांवरून केलेलं आपलं वाचन चुकलं, तर ते आपल्याला कळेल अशी सोय त्या पुस्तकात किंवा सरावात आहे का? ती नसेल, तर पुस्तक कितीही देखणं असलं तरी पैसे वाचवावेत.

ही कसोटी एवढी कडक का, ते पत्त्यांच्या इतिहासावरून कळतं. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो जन्मला तो खेळ म्हणून. चषक, तलवारी, दंड आणि नाणी या चार रंगांची ५६ पानं आणि वर २२ हुकमाची, अशी एकूण ७८. हे चार रंग युरोपात आले ते इजिप्तच्या मामलुक राजवटीतल्या पत्त्यांवरून. तिथे दंडाच्या जागी पोलोची काठी होती. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफाही खेळच : दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पानं. टॅरोत इजिप्तचं प्राचीन ज्ञान दडलंय, हा दावा कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ साली केला. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती! मायकल डमेट या तत्त्वज्ञाने १९८० साली या पत्त्यांचा खेळ म्हणून असलेला सविस्तर इतिहास मांडला, त्यालाही आता चार दशकं उलटून गेली. तरीही एखादं पुस्तक इजिप्तच्या पुजाऱ्यांपासूनच सुरू होत असेल, तर त्याच्या लेखकाने पहिलंच पान तपासलेलं नाही. पुढची कशी तपासली असतील?

दुसरी गोष्ट, पुस्तक आणि कॅट एकमेकांना जुळले पाहिजेत. आज सर्वाधिक चालणारा कॅट १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. साध्या पानांवरही माणसं आणि प्रसंग रंगवले, हे त्याचं वैशिष्ट्य. जुन्या बहुतेक कॅटांत तिथे नुसते पाच चषक, सात तलवारी एवढंच असे. म्हणून या कॅटाला चित्र बघायला लावणारं पुस्तक हवं. चषकांची पंजी घ्या. काळा झगा घातलेला माणूस मान खाली घालून उभा आहे, समोर तीन चषक सांडलेत. पुस्तिकेतला अर्थ पाठ करणारा ‘नुकसान, दुःख’ म्हणून मोकळा होतो. पण त्या माणसाच्या पाठीमागे दोन चषक उभे आहेत आणि लांब नदीवर पूलही आहे. रोज एकच पान काढून आधी फक्त दिसतं ते लिहायचं, अर्थ नंतर, हा सराव घोकंपट्टीपेक्षा कितीतरी मोलाचा. रेचल पोलॅक यांचं १९८० आणि १९८३ साली दोन भागांत आलेलं पुस्तक आणि मेरी ग्रीअर यांचं १९८४चं सरावपुस्तक या वाटेने जाणाऱ्याला उपयोगी पडतात.

‘पण अर्थ खरे ठरतात, अनुभव आहे,’ असं कुणी म्हणेल. अनुभव खोटा नसतो, मात्र तो फसवा असू शकतो. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकेक वर्णन दिलं. सगळ्यांना मजकूर एकच होता, तरी त्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या कुंडल्या ओळखायच्या होत्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासून उत्तरं पाठवली आणि बरोबर निघाली ती सरासरी ४६ टक्के. नाणं उडवूनही एवढं जमतं. कुंडली म्हणजे टॅरो नव्हे, हे कबूल. पण तपासण्याची ही रीत घरीही वापरता येते. तीन ओळखीच्यांसाठी पानं मांडा, वाचन नावाशिवाय लिहा आणि तिन्ही कागद प्रत्येकाच्या हाती देऊन ‘यातलं तुमचं कोणतं?’ असं विचारा. नुसत्या नशिबानेच तिघांतला सरासरी एक जण आपला कागद ओळखेल. भाकीत असेल तर तारीख घालून आधीच वहीत उतरवा, म्हणजे मागाहून सोयीचा अर्थ लावता येणार नाही.

अशा मोजमापाने अंतर्ज्ञान मरतं, असाही आक्षेप येतो. जे वहीत लिहिल्याने मरतं, त्याच्या जोरावर दुसऱ्याला जमीन विकायचा सल्ला कसा द्यायचा? आणि भविष्य कळत नसेल तर शिकायचं कशाला, याला माझं उत्तर साधं आहे : चित्र समोर असलं की माणूस अडलेली गोष्ट बोलू लागतो, स्वतःलाही नवे प्रश्न विचारतो. मात्र त्यासाठी महागडा वर्ग नको. एक कॅट, एक पुस्तक आणि वही यांवर सहा महिने सहज निघतात. आजारपणाचा प्रश्न आला, तर पानं न पिसता दवाखान्याची वाट दाखवावी.