दिव्यामागून आलेली वीज

४ सप्टेंबर १८८२. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर दुपारी ३ च्या सुमारास थॉमस एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं आणि आसपासच्या कचेऱ्यांत सुमारे ४०० दिवे लागले. भर दुपारी त्यांच्याकडे लक्ष कोण देणार? संध्याकाळी ७ ला अंधारून आलं, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कचेरीत त्या उजेडाची खरी ओळख पटली. हा दिवा जराही थरथरत नाही, असं दुसऱ्या दिवशीच्या अंकात कौतुकानं छापून आलं.

गॅसच्या दिव्यांना सरावलेल्या लोकांसाठी काही खोल्यांत पाटीच लावलेली असे: काडी ओढू नका, दाराजवळची कळ फिरवा, या दिव्यानं तब्येत बिघडत नाही आणि झोपही मोडत नाही!

दिवा लागला, पण वीज मोजायची कशी? एडिसननं काचेच्या बरणीत झिंक सल्फेटचं द्रावण भरलं आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या बुडवल्या. गिऱ्हाइकाच्या विजेतला अगदी थोडा अंश बरणीतून जाई; जितकी वीज, तितकं जस्त एका पट्टीवरून सुटून दुसरीवर बसे. महिन्याला कंपनीचा माणूस पट्ट्या नेई, त्यांचं वजन होई आणि त्यावरून बिल निघे. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा असे. पारा उतरला की तो आपोआप लागे. सोनाराच्या काट्यावर तोलावी तशी वीज तोलली जात होती!

पुढची अडचण अंतराची. एडिसनची कमी दाबाची डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी, वीज मैलभराच्या पलीकडे परवडत नसे. बरीचशी तारेतच वाया जाई. १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन गावात विल्यम स्टॅनलीनं ट्रान्सफॉर्मर लावून एसी, म्हणजे सतत दिशा पालटणाऱ्या, विजेवर दुकानं उजळली. दाब चढवून वीज दूर न्यायची आणि वापराच्या जागी तो उतरवायचा, ही ती युक्ती. दहा वर्षांत नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली.

मला सर्वांत नवल वाटतं ते तिसऱ्या अडचणीचं. दिवे लागणार तिन्हीसांजेला, मग एवढी महागडी यंत्रं दिवसभर नुसती पडून. वीज कंपन्या दिवसाची गिऱ्हाइकं शोधू लागल्या. एडिसनचा एके काळचा सेक्रेटरी सॅम्युएल इन्सल यानं शिकागोत ट्रामना आणि कारखान्यांना स्वस्त दरानं वीज दिली. घरांत इस्त्री आणि पंखा शिरले, ते दिव्यासाठी आधीच ओढलेल्या तारांवरून.

या उजेडाची झळही माणसांनी सोसली. मुंबईच्या कापडगिरण्यांत पूर्वी दिवस मावळला की काम थांबे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे विजेचे दिवे आले आणि काम १४-१५ तासांवर गेलं. कामगारांचा संताप उसळला, सरकारला चौकशी करावी लागली आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं गिरणीतल्या पुरुषांच्या कामाला दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. चारच वर्षांनी, १९१५ मध्ये, टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांची यंत्रं फिरवू लागली.

जुना पिवळा बल्ब विजेतला ९० टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत घालवतो. त्याच्या ६० वॉटचा उजेड आज ९ वॉटचा एलईडी देतो. पांढऱ्या एलईडीसाठी निळा प्रकाश देणारा डायोड हवा होता. तो घडवणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

संध्याकाळच्या चार तासांच्या उजेडासाठी माणसानं वीज मोजली, दूरवर नेली आणि दिवसाच्या कामालाही जुंपली. आता तोच दिवा वीज वाचवायला शिकवतो आहे. माजघरात, जिन्यात किंवा गोठ्यात जुना बल्ब अजून लटकत असेल, तर तो आजच बदला.