सीक्वेल आणि मालिका

आधीची गोष्ट जिथे थांबली तिथून पुढे नेणारी कलाकृती म्हणजे सीक्वेल, मराठीत उत्तरभाग. ‘मुंबई-पुणे-मुंबई’च्या (२०१०) जोडीला लग्नापर्यंत नेणारा २०१५चा दुसरा भाग हा सरळ सीक्वेल.

दिग्पाल लांजेकरांच्या शिवकालीन चित्रपटांना मात्र सीक्वेल म्हणता येत नाही. ‘फर्जंद’मध्ये १६७३चा पन्हाळा, ‘फत्तेशिकस्त’मध्ये १६६३चा लाल महाल, मग बाजीप्रभूंचा ‘पावनखिंड’ १६६०चा, ‘शेर शिवराज’ तर १६५९चा! चित्रपट पुढे, काळ मागे. त्यानंतर काळ पुन्हा पुढे जाऊन १६७०चा सिंहगड ‘सुभेदार’मध्ये (२०२३) येतो. ही मालिका आहे. पूर्वकथा सांगणाऱ्या भागाला प्रीक्वेल म्हणतात. नुसता ‘भाग दोन’ लावून नवीच गोष्ट सांगणे हा जाहिरातीचा सीक्वेल.