खाली जाणाऱ्या बाणाचा हिशेब

एखाद्या चर्चामंचावर कोणी विचारलं, "बाथरूमच्या फरशीवरचे पिवळे डाग जात नाहीत, काय करू?" त्यावर एका सदस्याने उत्तर दिलं, "ॲसिडमध्ये थोडं ब्लीच मिसळा, अर्धा तास ठेवा, फरशी चकाचक." हे उत्तर जीवघेणं आहे. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांत शिरायला वेळ लागत नाही. पण उत्तर आटोपशीर आहे, ठाम आहे, आणि चार जणांनी त्याला लाइक दिलं आहे. धोका कळलेले चाळीस जण ते वाचून मान हलवत पुढे निघून गेले. मंचावर फक्त पसंतीचं बटण असेल, तर नंतर येणाऱ्या वाचकाला ते चार लाइक तेवढे दिसतात. चाळीस जणांना जे ठाऊक होतं त्याची नोंद कुठेच होत नाही.

डाउनव्होटच्या, म्हणजे नापसंतीच्या मताच्या, बाजूने याहून भक्कम मुद्दा माझ्या मते नाही. पण समजा त्याच मंचावर डाउनव्होटचा खालचा बाण आला, आणि दुसऱ्या धाग्यात कोणी सभ्य भाषेत, कारणं देऊन लिहिलं की गणपतीतल्या डीजेवर सरसकट बंदी घालू नये. चौघांना पटलं, चाळिसांना नाही. त्या चाळिसांनी खालचा बाण दाबला आणि प्रतिसाद दुमडला गेला. फरशीच्या उत्तरावरही चाळिसांनी तो दाबला असता, तर दोन्हीकडे आकडा तोच, उणे छत्तीस. एका ठिकाणी त्याने कोणाचा जीव वाचवला असता, दुसऱ्या ठिकाणी एका माणसाचं बोलणं बंद केलं. म्हणून "डाउनव्होट हवा की नको" या प्रश्नाला होय किंवा नाही असं उत्तर देण्याआधी ते बटण दाबल्यावर आत काय घडतं ते नीट पाहायला हवं.

आपल्याला दिसतं ते इतकंच, की आकडा एकाने उतरला. त्या आकड्यावरून यंत्रणा तीन गोष्टी ठरवते: प्रतिसाद यादीत कितवा लावायचा, पूर्ण दाखवायचा की झाकायचा, आणि लिहिणाऱ्याच्या खात्यातून काही वजा करायचं का. क्रम, झाकण आणि दंड. एका मंचाचा डाउनव्होट दुसऱ्यापेक्षा वेगळा वाटतो तो या तिन्हींच्या वेगवेगळ्या मांडणीमुळे.

आधी क्रम पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. सर्वांत सोपी रीत वजाबाकीची. एका प्रतिसादाला ६०० पसंतीची आणि ४०० नापसंतीची मतं पडली, गुण झाले २००. दुसऱ्याला ९० आणि १०, गुण ८०. वजाबाकीने पहिला वर जातो, जरी मत देणाऱ्यांपैकी दहांतल्या चौघांना तो खटकला आणि दुसरा दहांतल्या एकालाच. मग टक्केवारी लावावी, तर वेगळीच अडचण येते. ज्या प्रतिसादाला दोनच मतं पडली आणि दोन्ही पसंतीची, तो शंभर टक्के मिळवून सगळ्यांच्या डोक्यावर बसतो.

रेडिट या चर्चामंचाने ऑक्टोबर २००९ मध्ये प्रतिसादांच्या क्रमवारीसाठी यावर तोडगा काढला. तो वाचकांना समजावून सांगितला 'एक्सकेसीडी' या चित्रमालिकेचे कर्ते रँडल मन्रो यांनी. सूत्र मात्र फार जुनं, एडविन विल्सन या अमेरिकी गणितज्ञाने १९२७ मध्ये मांडलेलं. त्यामागचा विचार असा: पडलेली मतं हा केवळ नमुना समजा. सगळ्याच वाचकांनी मत दिलं असतं, तर पसंतीचं प्रमाण निदान किती भरलं असतं? ९५ टक्के खात्री धरून हिशेब केला, तर दोनपैकी दोन पसंती मिळालेल्याला सूत्र निदान ३४ टक्के देतं, कारण दोन मतांवरून फारसं काही सांगता येत नाही. १००पैकी ९० मिळवणाऱ्याला ८३ टक्के मिळतात आणि हजारांतली ६०० मिळवणाऱ्याला ५७. क्रम बरोबर लागला: आधी नव्वदवाला, मग सहाशेवाला, आणि दोन मतांच्या जोरावर वर चढलेला तळाला.

हे गणित नापसंतीच्या मतांशिवाय होत नाही. नुसते लाइक मोजले तर सहाशेवाला नव्वदवाल्याच्या वर कायमचा राहतो, कारण वाचून गप्प बसलेला आणि वाचून नाकारणारा यांतला फरक यंत्रणेला कळतच नाही. फक्त लाइक असलेल्या मंचावर भडक लिहिणारा फायद्यात राहतो, त्याचं एक कारण हे आहे. त्याला हजारो लोकांचा राग ओढवून घेतल्याची किंमत मोजावी लागत नाही. शेकड्यांचं प्रेम मात्र जमा होत जातं.

मूळ धाग्यांसाठी रेडिटने वेगळं सूत्र वापरलं. कोड खुला होता त्या काळात ते सर्वांना वाचता येत असे. त्यात गुणांचा लॉगॅरिदम घेतला जाई, म्हणजे १ ते १० हा पल्ला आणि १०० ते १००० हा पल्ला सारख्याच वजनाचे. वेळेचं वजनही त्यात होतं: साडेबारा तास उशिरा आलेल्या धाग्याला जुन्याच्या दशांश गुणांत बरोबरी करता येई. याचा अर्थ सुरुवातीच्या मतांना अफाट किंमत. धागा निघाल्यावर पहिल्या काही मिनिटांत तीन-चार जणांनी ठरवून खालचा बाण दाबला, तर बाकीच्यांच्या नजरेला पडण्याआधीच तो बुडतो. मराठी संस्थळांवर ज्याला आपण कंपूबाजी म्हणतो, तिला इतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही, आणि डु-आयडी, म्हणजे एकाच माणसाची अनेक खाती, काढले तर कंपूचीही गरज उरत नाही.

झाकण्याबद्दल थोडक्यात. २००७ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी सुरू केलेल्या हॅकर न्यूज या मंचावर नापसंत प्रतिसादाची अक्षरं हळूहळू फिकट होत जातात. तिथे खालचा बाण प्रत्येकाला मिळत नाही, पाचशेच्या वर गुण जमवावे लागतात. आणि आपल्याच लिखाणाला आलेल्या थेट उत्तरावर तो दिसतच नाही. हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याला कोणी खोडून काढलं की त्या क्षणी आपल्या हाती बाण नसावा.

दंडाच्या बाबतीत अभ्यासण्याजोगा नमुना म्हणजे प्रोग्रामरांचा स्टॅक ओव्हरफ्लो. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी तो २००८ मध्ये सुरू केला. तिथे वर मत द्यायला १५ गुण लागतात, खाली मत द्यायला १२५. चुकीच्या उत्तराला कोणी उणं मत दिलं की लिहिणाऱ्याचे २ गुण जातात आणि मत देणाऱ्याचाही १ जातो. उलट एका पसंतीने लिहिणाऱ्याला १० मिळतात. ही रचना बारकाईने पाहिली की तिचा हेतू कळतो. एका पसंतीने पाच नापसंती भरून निघतात, म्हणजे लिहिणारा उद्ध्वस्त होत नाही. बाण सोडणाऱ्यालाही थोडी झळ बसते, म्हणजे तो क्षणभर थांबतो. प्रश्नांवरचं उणं मत मात्र २०११ पासून फुकट आहे. नवशिक्यांचे कच्चे प्रश्न तिथे झटपट उण्यात जातात आणि तो मंच नव्या माणसाला कठोर वाटतो, हे त्यामुळे समजण्यासारखं आहे. जिथे मत देणाऱ्याला किंमत मोजावी लागत नाही, तिथे हात सैल सुटतो.

याही आधी, १९९७ मध्ये निघालेल्या स्लॅशडॉट या मंचाने निराळी वाट शोधली होती. तिथे मत देण्याचा अधिकार सदस्यांना आळीपाळीने मिळे, एका वेळी पाच गुण, तेही तीन दिवसांत वापरायचे. ज्या चर्चेत तुम्ही स्वतः लिहिलं तिथे ते वापरता येत नसत. शिवाय नुसतं वर-खाली चालत नसे, कारण निवडावं लागे: माहितीपूर्ण, मार्मिक, विनोदी, अवांतर, भडकाऊ. प्रतिसादाचे गुण उणे एक ते पाच यांच्या बाहेर जातच नसत, म्हणून कोणी कितीही चिडलं तरी खड्ड्याला तळ होता. मराठीत 'ऐसी अक्षरे'वर हीच कल्पना दिसते. तिथल्या श्रेणींत 'मार्मिक', 'रोचक', 'माहितीपूर्ण' आहेत, तसेच 'भडकाऊ' आणि 'निरर्थक'ही आहेत. मायबोली-मिसळपाववर सहमती दाखवायला लोक प्रतिसादात '+१' लिहितात, ते मनमोकळं आहे. पण शब्दांत दिलेली श्रेणी लिहिणाऱ्याला काहीतरी शिकवते. 'अवांतर' वाचल्यावर त्याला कळतं की मुद्दा चुकला नाही, जागा चुकली. उणे सात वाचल्यावर त्याला फक्त इतकं कळतं की सात माणसं आपल्यावर चिडली आहेत.

माणसांवर याचा परिणाम काय होतो, हे पाहणारे दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. पहिला २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला, लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांचा. बातम्यांवर चर्चा करणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांनी पाच महिन्यांत १,०१,२८१ प्रतिसादांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, सुरुवातीलाच एक पसंती किंवा एक नापसंती देऊन टाकली. खोटी पसंती मिळालेल्या प्रतिसादाला पहिल्याच वाचकाकडून पसंती मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचे गुणही सरासरी २५ टक्क्यांनी चढले. खोटी नापसंती मिळालेल्यांना मात्र पुढच्या वाचकांनी सावरून घेतलं. म्हणजे मेंढरांसारखं मागे जाण्याचा दोष खालच्या बाणापेक्षा वरच्याला जास्त लागू होता. डाउनव्होटचे विरोधक हे सहसा लक्षात घेत नाहीत.

दुसरा अभ्यास २०१४ चा, जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांचा, चार मोठ्या संकेतस्थळांवरच्या प्रतिसादांचा. त्यातलं चित्र उलट आहे. ज्यांच्या लिखाणाला नापसंती मिळाली ते गप्प बसले नाहीत. ते आणखी लिहू लागले, त्यांचं लिखाण आणखी घसरलं, आणि इतरांना नापसंती देण्याचं त्यांचं प्रमाण वाढलं. मंच सोडून जाण्याची शक्यता जास्त होती ती ज्यांची कोणी दखलच घेतली नाही अशांची. दंड म्हणून डाउनव्होट निकामी आहे, किंबहुना घातक आहे. तो चिडलेला माणूस तयार करतो आणि त्याच्या हाती तोच बाण देतो.

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की माझ्यापुरतं उत्तर स्पष्ट होतं. क्रम लावायला नापसंती उपयोगी आहे. माणसाला सुधारायला नाही.

गर्दीचा प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये 'सडक २' या हिंदी चित्रपटाचा ट्रेलर यूट्यूबवर आला, तेव्हा सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर घराणेशाहीविरुद्धचा राग धुमसत होता. ट्रेलरला एक कोटीहून अधिक डिसलाइक पडले. त्यात ट्रेलर कसा आहे हे सांगणारं जवळपास काही नव्हतं. तो मोर्चा होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने डिसलाइकचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला. लहान निर्मात्यांवर ठरवून होणारे हल्ले थांबावेत, असं कारण दिलं. पण गीझरची दुरुस्ती दाखवणारा व्हिडिओ चुकीचा असेल तर बघणाऱ्याला सावध करणारी खूणही त्याबरोबर गेली. संस्थापकांपैकी एक असलेल्या जावेद करीम यांनी यूट्यूबवरच्या पहिल्यावहिल्या व्हिडिओखालचा मजकूर बदलून या निर्णयावर टीका केली. माझ्या मते करीम यांचं बरोबर होतं. मोर्चे अडवायला हवेत, पण फरशी-गीझरच्या वाचकाचे डोळे झाकून नव्हे.

ॲटवुड यांचाच पुढचा प्रवास या प्रश्नाचं अर्धं उत्तर देतो. स्टॅक ओव्हरफ्लोनंतर त्यांनी २०१३ मध्ये 'डिस्कोर्स' ही चर्चामंचासाठीची प्रणाली आणली. तिच्या मूळ रचनेत खालचा बाण ठेवलाच नाही. लाइक आहे, आणि नियम मोडणाऱ्या लिखाणाची तक्रार नोंदवायला झेंडा आहे. ज्या माणसाने प्रश्नोत्तरांसाठी उणं मत आवश्यक मानलं, त्यानेच गप्पांसाठी ते वगळलं. दोन जागांचं काम वेगळं आहे. प्रोग्राम चालतो किंवा चालत नाही. डीजेबद्दलचं मत चालवून बघता येत नाही.

तेव्हा कोणी मराठी मंच चालवत असाल तर माझी विनंती अशी. औषध, कायदा, पाककृती, दुरुस्ती, शेती अशा विभागांत, जिथे चुकीच्या उत्तराने माणसाचं नुकसान होतं, तिथे डाउनव्होट जरूर ठेवा. त्याला कारणाची सक्ती करा, थोडी किंमत लावा, आकडा पहिले काही तास दाखवू नका, आणि तो प्रतिसादापुरता ठेवा, सदस्याच्या नावापुढे चिकटवू नका. राजकारण, समाज, साहित्य यांच्या धाग्यांवर तो काढून टाका. तिथे शिवीगाळीसाठी तक्रारीचं बटण पुरेसं आहे, फक्त त्यामागे तक्रार वाचणारा संपादक हवा. आणि वाचक म्हणून आपण एखादं मत वाचून चिडलो असू, तर त्या चिडीतल्या दोन ओळी प्रतिसादात लिहाव्यात. समोरच्याला उत्तर देता येईल असं काहीतरी त्याला मिळायला हवं.