जुन्या मस्टँगचा मागचा ॲक्सल बदलावा का?

साठच्या दशकातील फोर्ड मस्टँग बाळगण्याची हौस अमेरिकेतील आपल्या मंडळींनाही आहे. गाडी दारात उभी राहिली की कोणीतरी जाणकार सांगतोच, ‘मागचा ॲक्सल कमकुवत आहे, नऊ इंची बसवून घ्या.’ हा सल्ला सरसकट चुकीचा नाही. परंतु त्यापायी मोठा खर्च करण्यापूर्वी आपल्या गाडीखाली मुळात काय आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

१९६५ आणि १९६६ च्या मस्टँगला तीन प्रकारचे ॲक्सल येत. सहा सिलिंडरच्या गाडीला सव्वासात इंची, सर्वसाधारण व्ही-८ ला आठ इंची आणि २७१ अश्वशक्तीच्या खास इंजिनाला नऊ इंची. हा आकडा ॲक्सलच्या मध्यावर असणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे क्राउन व्हीलच्या, व्यासाचा. ॲक्सलच्या मागील अंगास बोल्टांनी आवळलेले झाकण दिसले, तर तो सव्वासात इंची समजावा. मागील अंग गुळगुळीत असेल, तर आठ किंवा नऊ इंची. त्यातही पुढील बाजूच्या खालच्या दोन नटांवर सॉकेट नीट बसत नसेल, तर नऊ इंची.

नऊ इंची ॲक्सलची कीर्ती निराधार नाही. त्यात पिनियन बरेच खाली असल्यामुळे दात्यांची पकड मोठी मिळते. मात्र त्याच रचनेमुळे घर्षण वाढते, वजनही वाढते. इंजिन मूळचे २०० किंवा २२५ अश्वशक्तीचे २८९ असेल आणि गाडी शर्यतीत उतरणार नसेल, तर आठ इंची ॲक्सल पुरेसा आहे. तो केवळ नावासाठी काढून टाकणे मला उधळपट्टी वाटते.

पुष्कळदा मालकाची खरी तक्रार मजबुतीविषयी नसतेच, ती असते गीअर गुणोत्तराविषयी. २.८० गुणोत्तराची गाडी सिग्नलवरून सुस्तपणे निघते. पण २५ इंची टायर धरल्यास ताशी ६५ मैलांना टॉप गीअरमध्ये तिचे इंजिन मिनिटाला सुमारे २,४५० फेरेच घेते. ३.५५ ला हेच फेरे ३,१०० होतात आणि ४.११ ला ३,६०० च्या आसपास. मग महामार्गावर कान किटतात. ॲक्सल तोच ठेवून आतील गीअरसंच बदलता येतो. स्पीडोमीटरचा लहान गीअरही त्याबरोबर बदलावा, अन्यथा काटा खोटा वेग दाखवील. आणि गाडी निघताना मागून ठोका ऐकू येत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे सांधे तपासावेत; ते काम कितीतरी स्वस्त असते.

सहा सिलिंडरच्या गाडीत व्ही-८ बसवायचे असेल, तर मात्र काटकसर करू नये. सव्वासात इंची ॲक्सल तो भार पेलण्यासाठी घडवलेलाच नाही. शिवाय त्याची चाके चार बोल्टांची आणि ब्रेक लहान. मागे पाच बोल्ट आले की पुढची चाके व ब्रेकही बदलावे लागतात, आणि अंदाजपत्रक बहुधा येथेच कोलमडते.

भंगारातून ॲक्सल आणताना त्याची रुंदी मोजावी. १९६७ ते १९७० च्या मस्टँगचा ॲक्सल सुमारे दोन इंच अधिक रुंद असल्याने टायर मडगार्डला घासू शकतो. काढलेला मूळ ॲक्सल विकू नये. पुढेमागे गाडी विकताना अस्सलपणा पाहणारा ग्राहक तो मागतो.