'बा' म्हणजे काय?

आमची छकुली पुढच्या महिन्यात वर्षाची होईल. धरून उभी राहते, पण शब्द फुटत नव्हता. माझी मराठी, सासूबाईंची कन्नड. "दोन भाषांनी पोर गोंधळते," कुणीतरी म्हणाले आणि मी सासूबाईंना कन्नड बोलू नका म्हणून सांगितले. त्यांचे पाळण्याजवळचे गाणेच थांबले.

डॉक्टरांनी विचारले, "हाकेला वळते ना? मग दोन भाषांनी बोलणे लांबत नाही. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले मोजा."

घरी येऊन म्हटले, "अत्ते, चुकले माझे. तुम्ही बोला."

परवा छकुली हात पसरून 'बा' म्हणाली. माझी आई म्हणाली, "बाबांना हाक मारतेय!" सासूबाई म्हणाल्या, "छे, मला 'ये' म्हणतेय!"

मी एकच शब्द मोजला, पण दोघींच्या नावावर.