स्थानिक चलांचे जागावाटप
(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात ज्या चलांचा विचार केला, त्यांचा पत्ता प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच मुक्रर झालेला असतो आणि तो अखेरपर्यंत कायम राहतो. फोर्ट्रानच्या आरंभीच्या काळात स्थानिक चलांचीही व्यवस्था अशीच होती, आणि म्हणून एखाद्या फंक्शनाला स्वतःलाच पुन्हा बोलावणे शक्य नव्हते. कारण दुसऱ्या खेपेची मूल्ये पहिल्या खेपेच्या जागी लिहिली जाऊन पहिला हिशेबच नाहीसा झाला असता. अल्गोल ६० या भाषेने अशा आवर्तनाला मुभा दिली, आणि १९६० सालीच एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी, प्रत्येक खेपेसाठी स्टॅकवर स्वतंत्र जागा राखून ते कसे साधावे, याचे विवेचन एका निबंधात केले.

ही जागा मिळविण्यासाठी यंत्राला किती अल्प श्रम पडतात, हे पाहण्यासारखे आहे. समजा, लिनक्सखाली चालणाऱ्या चौसष्ट-बिटी इंटेल यंत्रात, स्टॅकचे टोक दाखविणाऱ्या आरएसपी या रजिस्टरात ८००० हा आकडा आहे. (खरे पत्ते याहून पुष्कळच मोठे असतात.) फंक्शनाला पाचारण होताच परतीचा पत्ता ८ बाइटांत लिहिला जातो व आकडा ७९९२ होतो, मग आरबीपी या दुसऱ्या रजिस्टरातले जुने मूल्य जपून ठेवले जाते, आकडा ७९८४ वर येतो आणि तोच आरबीपीत उतरवून घेतला जातो. फंक्शनात ‘बेरीज’ हा एक पूर्णांक आणि ‘गुण’ ही पाच पूर्णांकांची ओळ आहे. प्रत्येकी ४ प्रमाणे २४ बाइट पुरेत, परंतु पुढच्या फंक्शनाला बोलावताना स्टॅकचे टोक १६ च्या पटीत असावे असा दंडक असल्यामुळे कंपायलर ३२ वजा करण्याचा हुकूम लिहितो. आकडा ७९५२ होतो आणि वाटप पुरे होते. दोन चले असोत वा वीस, वजाबाकी एकच! चलांची नावेही यंत्राला ठाऊक नसतात. ‘बेरीज’ म्हणजे आरबीपीच्या खाली ४, एवढीच त्याची ओळख. (कंपायलरला काटकसरीची मोकळीक दिली, तर पुष्कळ चले रजिस्टरांतच राहतात व त्यांना स्टॅकवर जागा लागतही नाही.)

फंक्शन संपले की आकडा पुन्हा ८००० होतो; ताबा सुटतो, पण लिहिलेले पुसले जात नाही. आरंभीचे मूल्य न दिलेल्या स्थानिक चलात भलताच आकडा आढळतो, तो बहुधा अशा एखाद्या संपलेल्या फंक्शनाचा अवशेष असतो. स्थानिक चलाचा पत्ता बाहेर पाठविणारे फंक्शन तर याहून घातक, कारण तो पत्ता काही काळ बरोबर उत्तर देत राहतो आणि दुसरे फंक्शन त्याच जागेवर दाखल झाल्यावरच फसवतो.

शेजाराचा प्रश्न मात्र सर्वांत गंभीर आहे. ‘गुण’ ७९५२ पासून मांडले, तर त्याची हद्द ७९७१ ला संपते. पण सी भाषा ही हद्द तपासत नाही. मोजणी शून्यापासून धरून सातव्या घरात लिहिले, तर ७९८० वरची ‘बेरीज’ बदलते. दहाव्या व अकराव्या घरांत लिहिले, तर ७९९२ वरचा परतीचा पत्ताच बदलतो, आणि फंक्शन संपल्यावर यंत्र लिहिणाऱ्याच्या मर्जीच्या ठिकाणी जाते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने व्हॅक्स यंत्रांत शिरण्याचा एक मार्ग असाच काढला होता: फिंगर सेवेच्या प्रोग्रामात ५१२ बाइटांची एक स्थानिक ओळ होती, आणि ती भरणारे गेट्स हे फंक्शन आलेला मजकूर कितीही लांब असला तरी थांबत नसे. सीच्या प्रमाण ग्रंथालयातून हे फंक्शन २०११ च्या मानकाने काढून टाकले. आता कंपायलरला तशी सूचना दिल्यास तो स्थानिक ओळी आणि परतीचा पत्ता यांच्यामध्ये एक गुप्त आकडा ठेवतो, परतण्यापूर्वी तो ताडून पाहतो आणि बदललेला आढळल्यास प्रोग्राम तिथेच बंद पाडतो.