कढईत भाजी वाफवू नका, परता!

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर आहे. त्यामुळे इंदिरानगरच्या स्वयंपाकघरात पाणी 100 नव्हे, साधारण 97 अंश सेल्सिअसलाच उकळतं. भाजीला पाणी सुटलं की तिचं तापमान तिथेच अडकतं; परतल्याचा खमंगपणा मात्र 140 अंशांच्या आसपास येऊ लागतो. म्हणून कढई आधी कडक तापवा, धुतलेली भाजी अगदी कोरडी करा आणि एका वेळी थोडीच टाका. घरच्या गॅसला हॉटेलच्या शेगडीची आच नसते, तेव्हा ही शिस्त पाळायलाच हवी. सोया सॉस शेवटी, कडेने सोडा.

आच मोठी, तर हातही थांबता कामा नये. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2020 मध्ये भात उडवणाऱ्या आचाऱ्यांची लय मोजली: एक झटका सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शात!

गोबी मंचुरियनच्या भडक लाल रंगाचा मोह सोडा. त्यात कृत्रिम रंग घालण्यावर कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये बंदी घातली, आणि ते योग्यच झालं. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी मिरची भिजवून वाटली, की फारसा तिखटपणा न वाढता सुरेख लाली येते.